डेंग्यूचा ताप आणि रक्ताचा कागद

पावसाळा ओसरूं लागला कीं शहरांतील इस्पितळांत डेंग्यूचे रोगी वाढतात, आणि खाटेपाशीं बसलेल्या आप्तांच्या हातीं रक्ततपासणीचा कागद दिसूं लागतो. त्यावरचा एकच आंकडा सारे वाचतात : प्लेटलेट किती? सकाळीं ८०,०००, सायंकाळीं ६०,००० ; आणि मंडळींचा धीर त्या आंकड्याबरोबर खालीं उतरत जातो. वास्तविक त्याच कागदावर याहून महत्त्वाचा दुसरा आंकडा असतो.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या सूक्ष्म चकत्या. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तांत त्या साधारणतः दीड ते चार लाख असतात. डेंग्यूचा विषाणु शरीरांत शिरला म्हणजे अस्थिमज्जेंत त्यांची उत्पत्ति मंदावते आणि रक्तांत त्यांचा नाशहि त्वरेनें होतो. पांढऱ्या पेशीहि घटतात. हा या रोगाचा नेहमींचाच क्रम होय. रोग हटला कीं चकत्या बहुधा आपोआप वाढतात.

दुसरा आंकडा हिमॅटोक्रिटचा. रक्ताचा शेंकडा किती भाग तांबड्या पेशींनीं व्यापला आहे, हें तो सांगतो. डेंग्यूंत कित्येकदां केशवाहिन्या पाझरूं लागतात. द्रव बाहेर जातो, पेशी आंत राहतात, आणि आटत्या आमटीप्रमाणें रक्त दाट होतें. हा आंकडा ४० वरून ४८ वर गेला, तर मूळच्या मानानें वाढ शेंकडा २० झाली. घरच्यांस वाटतें, रक्त वाढलें. वैद्यास दिसतें, नाडी क्षीण होण्याची वेळ जवळ आली. उलट तो एकाएकीं उतरला आणि रोगी खालावला, तर आंत रक्तस्राव होत असल्याचा संशय घ्यावा लागतो.

ही वेळ फसवी असते. बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरांत आनंद होतो ; पण त्यापुढचे २४ ते ४८ तासच जपण्याचे. पोटांत तीव्र कळा, वारंवार वांत्या, हिरड्यांतून रक्त, थंड हातपाय, अस्वस्थता किंवा लघवी कमी होणें, यांपैकीं कांहींहि दिसतांच डॉक्टरांस सांगावें. योग्य मापानें वेळेवर दिलेलें द्रव हाच येथें मुख्य उपचार होय.

मग प्लेटलेटच्या पिशव्यांसाठीं होणारी धांवाधांव? सिंगापूर व मलेशिया येथील ३७२ प्रौढ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या चकत्या २०,००० वा त्याहून कमी होत्या, परंतु रक्तस्राव नव्हता. अशांस चकत्या चढवून रक्तस्राव टळला नाहीं. उपद्रव मात्र अधिक जणांस झाला.

तेव्हां प्लेटलेट किती, एवढेंच न विचारतां, रक्त दाट होत आहे काय आणि लघवी पुरेशी होते काय, हेंहि आप्तांनीं विचारावें. आणि कागदाइतकेंच लक्ष खाटेवरील रोग्याकडे द्यावें.