हुडकेश्वरचा नळ आणि आपल्या टोल्याचा झरा
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपली पोरं नागपूरला मजुरीला जातात, हुडकेश्वरला भाड्याच्या खोलीत राहतात. तिथं नळ कसा चालतो ते आम्ही विचारून आलो, तेच सांगतो.

हुडकेश्वर आधी ग्रामपंचायतच होतं. शहर वाढत तिथवर आलं अन् गाव महानगरपालिकेत गेलं. लाइन पोचेपर्यंत विहीर, बोरिंग नाहीतर टँकर. पाणी महापालिकेचं, पण ते चालवायचं काम 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर कंपनीकडे, करार 25 वर्षांचा. मीटर फिरते, बिल येते.

नागपूरला पाणी मुख्य करून दोन नद्यांचं, पेंच आणि कन्हान. दोन्ही छिंदवाड्याच्या डोंगरातून उतरतात. पेंचचं पाणी तोतलाडोहला अडते, मग नवेगाव खैरीला. तिथून महादुल्याला, पंपानं शुद्धीकरण केंद्रात, मग टाकीत, मग नळात. आता तोतलाडोह कुठं आहे? पेंचच्या जंगलात! 1975 साली तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. माणसानं मासा धरला तर गुन्हा. पाणी रोज बाहेर जाते, त्याला कोणी पास मागत नाही.

2019 ला तोतलाडोह आटलं, जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी झालं. केवढा बोभाटा! आपल्याकडं बाया दर उन्हाळ्यात झिऱ्यातून वाटीनं पाणी काढतात, त्याची बातमी होत नाही.

हिशोबही ऐका. शहरात माणशी रोज 135 लिटरचा मापदंड. जलजीवन मिशनमध्ये आपल्याला 55. बैल, शेळ्या त्यात धरलेच नाहीत. त्यांनी कुठं तोंड लावावं?

आम्ही नागपूरवाल्यांचं पाणी बंद करा म्हणत नाही. तिथं राबणारी पोरं आपलीच आहेत. पण आपल्या टोल्यावर वरच्या झऱ्यातून पाइप टाकायला गेलो की ‘जमीन जंगलाची’ म्हणून अडवतात. इथं कायदा पाठ करा. वनहक्क कायदा 2006, कलम 3(2). पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, लहान तलाव, शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा 13 कामांना जंगलाची जमीन देता येते. अट अशी : एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. शिफारस ग्रामसभेची, सरपंचाच्या एकट्या सहीची नाही.

गावाची पाणीपुरवठा समितीही ग्रामसभेतूनच निवडायची, त्यात निम्म्या बाया. बऱ्याच गावात ही समिती कागदावरच आहे, मेंबर कोण ते मेंबरलाच ठाऊक नाही! आधी ती नावं मागा.

मग झऱ्यापासून टोल्यापर्यंत दोरी धरून लाइन मोजा. झाडं एकेक मोजा, जात लिहा, आणि आकडा ठरावात टाका. अंदाजे लिहिलं की फाइल परत येते, अन् पाऊस लागला की मोजायला कोणी चढत नाही.