वर्गातले कृतियुक्त शिक्षण

प्रत्यक्ष काम करत शिकणे म्हणजे कृतियुक्त शिक्षण. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी त्याचा आग्रह धरला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे याच विचाराने विज्ञान आश्रम उभारला.

बोदवडसारख्या शेतीप्रधान तालुक्यात बियाण्याची उगवण तपासणे हा सोपा धडा ठरतो. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे. ऐंशी दाणे उगवले, तर उगवणशक्ती ८० टक्के. बीजांकुरण आणि शेकडेवारी एकाच कामात समजते.

अडचणी म्हणजे मोठे वर्ग, साहित्याचा खर्च, अपुऱ्या तासिका आणि लेखी परीक्षेचा ताण. कृतीमागचे कारण उलगडले नाही, तर केवळ हात चालतात. म्हणून लहान गट, घरचे साहित्य आणि तासाअखेर चर्चा आवश्यक ठरते.