सरपण विकताना माप कोणाचे?



मृगाच्या आधी बांधावरची बाभळ तोडून सरपण विकायचे, चार पैसे बी-बियाण्याला लावायचे, ही आपली जुनी रीत. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्यांनी अशीच लाकडे विकली. व्यापाऱ्याशी भाव ठरला खंडीचा. पण खंडी म्हणजे किती, हे कोणीच विचारले नाही. हिशेबाच्या दिवशी व्यापारी म्हणाला, "माझा मण चाळीस किलोचा." आमचे शेजारी जुना चाळीस शेरांचा मण धरून बसले होते.

आता आकडे बघा. जुना चाळीस शेरांचा मण म्हणजे 37.32 किलो. वीस मणांची खंडी भरते 746 किलो. चाळीस किलोच्या मणाने तीच खंडी होते 800 किलोची. म्हणजे खंडीमागे सुमारे 54 किलो लाकूड फुकट गेले! बरे, मुंबईचा जुना मण तर 28 पौंडांचा, जेमतेम 12.7 किलोचा होता. मण नावाला एक, पण गावोगाव वेगळा.

म्हणूनच 1956 च्या कायद्याने देशात किलो-मीटरची मापे आणली. आज 2009 चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. त्याचा अंमल 1 एप्रिल 2011 पासून सुरू झाला. या कायद्याप्रमाणे वजनामापाने होणारा व्यवहार प्रमाणित मापातच व्हायला हवा. भाव सांगणे आणि पावती लिहिणेही त्याच मापात. मण, खंडी, गाडी, मोळी हे बोलायला ठीक, हिशेबाला नाही. उभे झाड उक्ते देणे हा तुमचा सौदा. पण वजनाने द्यायचे ठरले, तर किलो किंवा क्विंटलच सांगा.

गाडी वजनकाट्यावर नेताना आपले माणूस सोबत पाठवा. काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र तिथे लावलेले असते, त्यावरची तारीख वाचा. गाडीचे वजन दोनदा होते, भरलेली आणि रिकामी. इथेच खरी गंमत होते. रिकाम्या गाडीत हमाल बसून राहतात, पाण्याचे पिंपही असते. भरलेली गाडी काट्यावर चढली की सगळे खाली! पाच माणसे धरली तरी तीनशे किलोच्या आसपास फरक पडतो, आणि तो तुमच्या लाकडातून जातो. दोन्ही वजनांच्या पावत्या घ्या. वजनाची शंका असल्यास वैध मापनशास्त्र निरीक्षकाकडे लेखी तक्रार करता येते.

काही ठिकाणी लाकूड रचून घनमीटरने घेतात. एक मीटर लांब, रुंद आणि उंच रचले की एक घनमीटर झाले. पण त्यात पोकळी असते. वेड्यावाकड्या फांद्यांच्या राशीत भरीव लाकूड निम्मेच निघेल, सरळ ओंडक्यांच्या राशीत जास्त. तेव्हा भाव रचलेल्या राशीचा की भरीव लाकडाचा, हे आधी बोलून घ्या.

ओल्या-सुक्याचेही तसेच. समजा शंभर किलो ओल्या लाकडात 45 किलो पाणी आहे. वाळून पाण्याचा वाटा शेकडा वीसवर आला, तर लाकूड उरते सुमारे 69 किलो. ओल्याचा भाव कमी असणार हे उघडच आहे; पण सुक्या मालाला ओल्याचा भाव घेऊ नका. कधी तोडले, कधी वजन केले, ते वहीत टिपून ठेवा.

आणि कुऱ्हाड लावण्याआधी एक काम. साग, खैर, चंदन, मोह, आंबा, चिंच, फणस, हिरडा, ऐन, जांभूळ ही झाडे 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती तुमच्या मालकीच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला 1969 चा वेगळा कायदा आहे. त्यांनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये. लाकूड गावाबाहेर न्यायला वाहतूक पास लागतो, काही जातींना त्यातून सूट आहे. आपली जात सुटीत बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच गाडी भरा. पासावाचून अडकलेली गाडी सोडवताना सरपणाचे पैसे तर जातातच, वर पेरणीचे दिवसही जातात.