मूत्रपिंडाची इजा वेळीच कळेल काय?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



रोग बरा करणारे औषधच कधीकधी मूत्रपिंडाला जायबंदी करते. कर्करोगावरील सिस्प्लॅटिन हे त्याचे ठळक उदाहरण. ते टाकून देता येत नाही. त्याच्यावाचून माणसे दगावतील. म्हणून खरा प्रश्न आहे तो इजा केव्हा कळते, हा. आपण रक्तातील क्रिएटिनिन मोजतो. हा साक्षीदार मोठा संथ! मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत तो पुष्कळदा तोंडच उघडीत नाही.

सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठातील कान्यी पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक निराळा मार्ग दाखविला. त्यांनी घडविलेले रेणू एरवी निस्तेज असतात. शिरेतून दिल्यावर ते मूत्रपिंडात पोचतात आणि तेथील पेशींच्या इजेची खूण भेटली की प्रकाशू लागतात. एक रेणू सुपरऑक्साइड ओळखतो, दुसरा पेशीतील पाचक पिशव्यांना धक्का बसल्याचे सांगणारे विकर, तिसरा पेशीच्या मरणाची वर्दी देणारे कॅस्पेज. इजा याच क्रमाने वाढते, गाळण्याची शक्ती घटते ती त्यानंतर. सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांत प्रचलित प्रतिमातंत्रांपेक्षा किमान ३६ तास आधी इजा कळली. दीड दिवस! एवढ्या अवधीत पुढचा डोस रोखता येतो.

अर्थात हे उंदरांत. माणसाचे मूत्रपिंड पाठीकडे खोल दडलेले. तेथून हा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत येणे कठीण.

आणखी एक भ्रम नको. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी आणि औषधतपासणी या दोन्हींची लक्तरे वेशीवर टांगली. असा रेणू त्या वेळी हाताशी असता, तरी विषारी बाटली वॉर्डात येण्याचे टळले नसते. त्यासाठी प्रयोगशाळा आणि प्रामाणिक निरीक्षकच हवेत. २०२२ साली गांबियात दूषित खोकल्याच्या औषधाने मुले गेली, तेव्हाही हेच दिसले.

मला आशा वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हे रेणू अखेर लघवीवाटे बाहेर पडतात, आणि लघवीतील त्यांचा प्रकाश मोजूनही इजा ओळखता येते, हे याच प्रयोगांत दिसले आहे. माणसांत त्यांची सुरक्षितता सिद्ध झाली, तर कॅमेऱ्यावाचून, जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, एका बाटलीतील नमुन्यावर ही तपासणी करता येईल. तिची किंमत कोण ठरविणार, हे मात्र आपण आतापासूनच विचारले पाहिजे.