चार गळे, एक मेळ

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात 1947 साली चार हौशी गायक एकत्र आले. नाव घेतलं ‘बफेलो बिल्स’. गाण्याची तऱ्हा बार्बरशॉप. म्हणजे साथीला पेटी नाही, गिटार नाही, फक्त चार आवाज. मूळ चाल ‘लीड’ गातो, त्याच्या वर ‘टेनर’, तळाशी ‘बेस’. उरतो तो ‘बॅरिटोन’. त्याच्या वाट्याला चाल अशी क्वचितच येते. बाकी तिघांनी मोकळा ठेवलेला स्वर त्याने भरायचा. माझ्या मते सगळ्यांत अवघड काम त्याचंच. चौघांचे स्वर बिनचूक जुळले, की कुणीच न गायलेला एक वरचा स्वर घुमू लागतो. सुरात लावलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो ना, तसाच.

या गायकीची संस्था अमेरिकेत 1938 पासून आहे आणि तिच्या स्पर्धा चुरशीच्या होतात. 1950 मध्ये ओमाहा इथे बफेलो बिल्सनी आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. गंमत अशी, की एकदा जिंकलेली चौकडी त्या स्पर्धेत पुन्हा उतरत नाही. मग पुढे काय? थेट ब्रॉडवे! 1957 च्या ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेत शाळा समितीचे चार भांडकुदळ सभासद त्यांनी रंगवले. एकदा सूर लागला, की हे चौघे भांडण विसरून गातच सुटतात. 1962 च्या चित्रपटातही हीच चौकडी आहे. 1967 मध्ये तिने गाणं थांबवलं. चित्रपट मात्र आजही पाहता येतो. जरूर पाहा.