चांद्याच्या राणीला भेटून आलो

सिंदी रेल्वेहून आम्ही दोघं नवरा-बायको बोलतो आहोत. आवाज तुम्हाला एकीचाच ऐकू येईल, कारण माइक समोर आला की यांना तहान लागते. पण हकीकत दोघांची आहे, म्हणून सगळं ‘आम्ही’ करूनच सांगतो.

यंदा माघात आमच्या लग्नाला २५ वर्षं झाली. इतक्या वर्षांत आम्ही जोडीनं गाव सोडलं ते लग्नांना, तेराव्यांना, दवाखान्याला आणि एकदा पंढरपूरला. काही काम नसताना, नुसतं पाहायला म्हणून कधीच नाही. या वेळी कापूस घरात आला होता, चणा कापायला आठ-दहा दिवस होते आणि भिशीचा नंबर लागला होता. धाकटी नागपूरला नर्सिंग शिकते. ती फोनवर म्हणाली, “केक कापण्यापेक्षा दोन दिवस कुठं तरी जाऊन या.” ठरलं, चंद्रपूरला जायचं.

शेजारपाजारच्यांना हे काही पटेना. “काहून जाता चांद्याले? कोणी हाय का तिथं तुमचं?” “नवस बोलला का महाकालीले?” नवस नाही, पाहुणे नाहीत, दवाखानाही नाही, म्हटल्यावर सगळ्या गप्प. बाईनं घराबाहेर पडायचं तर कारण लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कोणाचं तरी असावं लागतं. सासूबाईंनी मात्र सोडवलं. म्हणाल्या, “मी त कधी गेली नाही, तुम्ही तरी जाऊन या. गाईचं मी पाहतो.”

सिंदीहून पॅसेंजरनं सेवाग्राम, तिथून बल्लारशाकडची गाडी. हिंगणघाट, माजरी, भांदक करत गाडी जाते. माजरीपासून कोळशाच्या मालगाड्या दिसायला लागतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि संत्री सोबत होती. गाडीत आम्ही आधी कापसाचा भाव बोललो, मग गॅसचा भाव बोललो, मग दोघंही खिडकीबाहेर पाहत बसलो. जोडीनं रिकामं बसायची सवयच नव्हती.

चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, गोंड राजांची राजधानी. शहराभोवती दगडी परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. शिवाय पाच लहान खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दरवाजा; त्यातल्या एकीचं नाव चोर खिडकी, एकीचं मसण खिडकी. जटपुरा दरवाजातून आजही गर्दी जाते. मान वर केली की हत्तीवर स्वार झालेला सिंह दगडात कोरलेला दिसतो. ते गोंड राज्याचं चिन्ह. या परकोटावर झाडंझुडपं माजली होती. २०१७ साली इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदान करून ती काढायला घेतली, म्हणून आज बुरुजावर जाऊन पाहता येतं.

आता हे शहर वसलं कसं, त्याची कथा ऐका. खांडक्या बल्लाळशाह राजा बल्लारपूरला राहायचा. त्याच्या सर्वांगावर गाठी आणि फोड होते, औषध लागू पडत नव्हतं. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून त्यानं झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका डबक्यातलं पाणी प्यालं, तोंड-हातपाय धुतले आणि घरी येऊन झोपला. त्या रात्री तो शांत झोपला. सकाळी राणीच्या लक्षात आलं की त्याच्या अंगावरचे फोड कमी झाले आहेत. तिनं विचारलं, काल कुठं गेला होता, काय केलं? राजाला स्वतःला काही कळलेलं नव्हतं. दोघं मिळून त्या जागी गेले, वाळू उपसली, तर खडकात गाईच्या पावलांसारखे पाच खळगे आणि त्यात पाणी. तेच अंचलेश्वराचं तीर्थ. पुढं तिथंच शहर वसवावं, हा सल्लाही राणीचाच, असं सांगतात.

कथा खरी किती ते सोडा. पण एवढं मोठं शहर उभं राहिलं ते एका बायकोनं नवऱ्याच्या अंगाकडे नीट पाहिलं म्हणून, असं त्या शहरातले लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. हे आम्हाला फार आवडलं.

अंचलेश्वराच्या देवळाजवळच गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत सगळ्यांत देखणी समाधी बीरशाहाची. ती बांधली त्याच्या राणीनं, हिराईनं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. बीरशाहाच्या मुलीचा सासरी देवगडला अपमान झाला, तेव्हा हा बाप फौज घेऊन तिच्यासाठी गेला होता, असं सांगतात. आणि त्याच बीरशाहाचा खून झाला तो दुसऱ्या लग्नाच्या वरातीत. गादीला मुलगा नव्हता, म्हणून हे दुसरं लग्न.

समाधीच्या पायरीवर आम्ही दोघं बराच वेळ बसून होतो. मैत्रिणींनो, आमच्या घरीही दोन मुलीच आहेत. धाकटीच्या बारशानंतर महिनाभरात नात्यातली चार माणसं घरी आली होती. यांच्यासाठी स्थळ घेऊन. असं लग्न १९५५ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण बैठकीत बसलेल्यांना कायदा कुठं आठवतो? चहा झाला, माणसं गेली. त्यानंतर वीस वर्षं त्या दिवसाचा विषय आमच्यात निघाला नाही.

त्या पायरीवर यांना विचारलं, “तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलं होतं?”

हे म्हणाले, “म्हटलं, दोन पोरींचा बाप हाय मी, मले नवरदेव काहून करता?”

“मग घरात काहून नाही सांगितलं?”

“नाही म्हटल्यावर सांगाचं काय होतं त्यात?”

यांच्यासाठी ते बैठकीतच संपलं होतं. चुलीपाशी बसून अर्धंमुर्धं ऐकलेलं मात्र वीस वर्षं संपलं नव्हतं. घरी हे बोलणं निघालंच नसतं. घरी दूध उतू जातं, फोन वाजतो, गाय हंबरते. दोन दिवस काहीच काम नव्हतं, म्हणून ते निघालं.

मग आम्ही हिराईबद्दल बोललो. दुसरीला आणायला निघालेल्या नवऱ्यासाठी तिनं एवढी समाधी का बांधली असेल? हे म्हणाले, माया असेल. आम्हा बायकांना वाटतं, मायाही असेल आणि रागही असेल. दोन्ही एकाच दगडात बसत असतील. पण ती समाधीपाशी बसून राहिली नाही. लहान रामशाहाला दत्तक घेऊन तिनं राज्याचा कारभार स्वतः चालवला. महाकालीचं मंदिर उभं केलं. त्याच मंदिरात दर चैत्रात लांबलांबून, मराठवाड्यातून आणि तेलंगणातून, पायी यात्रेकरू येतात. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी गोंडांचं राज्य घेतलं. राज्य गेलं, पण हिराईचं देऊळ गजबजलेलंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी महाकालीचं दर्शन घेतलं, रामाळा तलावाच्या काठी फिरलो, तर्री-पोहे खाल्ले आणि एसटीनं परत निघालो. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, ते लक्षात असू द्या. वाचलेल्या पैशांत सासूबाईंना शाल आली. यांनी पूर्ण तिकीट काढलं आणि वर्ध्यापर्यंत त्यावरून कुरकुर केली.

तुम्हालाही जायचं असेल तर थोडं सांगतो. उन्हाळ्यात जाऊ नका, चंद्रपूरचं ऊन आपल्या वर्ध्यापेक्षा सोपं नाही. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत खोली मिळायला त्रास होतो. दोघांचीही आधार कार्डं जवळ ठेवा, लॉजवर लागतात. रात्रीचा मुक्काम जमत नसेल तर पहाटे निघून रात्री परत या. आणि शेजारीण विचारेल, काहून जाता? तर सांगा, आम्हाला दोघांना जायचं आहे म्हणून.

सासूबाईंनी आल्या आल्या विचारलं, काय पाहिलं? त्यांना हिराईची सगळी गोष्ट सांगितली. त्या ऐकून म्हणाल्या, “पुढच्या बारीले मलेही न्या.” मग चणा काढून झाला की आम्ही तिघं निघतो आहोत. नमस्कार.