भोवळ, अंधारी आणि तोल



मुकुटबनसारख्या गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चक्कर आली की घरात दोनच निदाने होतात. एक, 'बीपी वाढले असेल'. दुसरे, 'आता वय झाले'. पहिल्या निदानावर गोळी मिळते, दुसऱ्यावर खाट. सून पाण्याचा तांब्या उशाशी आणून ठेवते, मुलगा बजावतो, 'बाबा, शेतावर जायचे नाही, काय हवे ते जागेवर मागा.' यात माया आहे, हे कोण नाकारील? परंतु कालपर्यंत कपाशीच्या तासांमधून फिरणारा हा माणूस दोन महिन्यांत न्हाणीघरापर्यंत जाण्यासही भिंत धरू लागतो. तो चक्करेमुळे की या मायेमुळे, हा प्रश्न मात्र घरात कोणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'भोवळ' आणि 'अंधारी' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि 'तोल जाणे' हा तिसरा प्रयोग आहे. घर, छत, खाट गरगर फिरल्याचा भास होतो ती भोवळ. उभे राहताच डोळ्यांपुढे काळोख दाटतो ती अंधारी. फिरत काही नाही, काळोखही नाही, पण पाऊल टाकताना देह एका बाजूस झुकतो ते तोल जाणे. आयुर्वेदातील 'माधवनिदान' या ग्रंथानेही मूर्च्छा आणि भ्रम यांचा एकाच अध्यायात, पण वेगवेगळा विचार केला आहे. आपण मात्र या तिन्हींना 'चक्कर' या एकाच पोत्यात कोंबले, आणि डॉक्टरांपुढेही तेच पोते नेऊन ठेवतो. वस्तुतः तिघींची मूळ ठिकाणे निराळी आहेत आणि उपायही निराळे.

प्रथम भोवळीकडे पाहू. कान केवळ ऐकण्यासाठी आहे, ही समजूत अपुरी आहे. अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मस्तक वळले की त्यातील द्रव हलतो आणि मेंदूला वळण्याची वार्ता पोहोचते. त्यांच्या शेजारी दोन लहान कोश असून त्यात सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. हे स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे. मुकुटबनच्या भूमीत चुनखडी आहे आणि तिच्याच बळावर २०२२ साली येथे सिमेंटचा कारखाना सुरू झाला. तोच पदार्थ प्रत्येकाच्या कानात कणाकणाने वसतो आहे, हे गावकऱ्यांना ऐकून गंमत वाटेल. वयपरत्वे हे कण सुटतात आणि कधी भरकटून नलिकेत शिरतात. मग खाटेवर कूस बदलली, वर पाहून माळ्यावरचा डबा काढला, की कण घरंगळतात, द्रव ढवळतो आणि मस्तक थांबले तरी मेंदूला 'फिरतो आहेस' अशी खोटी वार्ता जाते. भोवळ बहुधा मिनिटभराच्या आत ओसरते. भीती मात्र दिवसभर टिकते.

या शास्त्राचा इतिहास मोठा रंजक आहे. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान पाण्याने धूत असत. पाणी थंड असले की भोवळ येते, गरम असले तरी येते, पण डोळे उलट दिशेने फिरतात, हे त्यांनी टिपले आणि त्यातून कान व तोल यांचा संबंध उलगडला. १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाल्याची वार्ता आली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते! कूस बदलताना येणाऱ्या भोवळीचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये केले. ती ओळखण्याची रीत १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाइक यांनी घालून दिली: रुग्णाचे मस्तक वळवून त्यास झटकन उताणे निजवायचे आणि डोळ्यांची थरथर पाहायची. पुढे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी सरळ विचार केला, की कण वाट चुकून आत शिरले असतील तर मस्तक क्रमाने वळवून त्यांना त्याच वाटेने परत आणावे. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, केवळ खाट आणि दोन हात! स्वाभाविकच पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. १९९२ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आज ही क्रिया जगभर रूढ आहे. बहुतेक रुग्णांना एक-दोन खेपांतच आराम पडतो. कोणत्या कानाचा दोष आहे हे ठरल्यावाचून आणि मानेचा आजार नाही याची खात्री झाल्यावाचून ती घरच्या घरी करू नये; प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून करवून घ्यावी. ती सोय वणीला न मिळाल्यास यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे रुग्णालय आहेच.

उलट येथे घडते काय? औषधाच्या दुकानातून 'चक्करेची गोळी' येते. प्रोक्लोरपेरझिन, सिनारिझिन ही नावे अनेक घरांच्या डब्यांत सापडतील. चार दिवसांच्या उमाळ्यापुरती ती ठीक. परंतु महिनोन् महिने घेतल्यास वृद्धांमध्ये सुस्ती, हातांचा कंप, अंगाचा ताठरपणा, अशी कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. म्हणजे तोल सावरण्यासाठी घेतलेली गोळीच तोल घालवते, आणि कण असतात तेथेच राहतात.

अंधारीचे गणित रक्तदाबाचे आहे. पण बहुधा वाढलेल्या नव्हे, उतरलेल्या! उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला तर तो दोष मानला जातो. 'बीपीची चक्कर' म्हणून गोळी वाढवली जाते आणि दाब आणखी खाली जातो. म्हणून ज्येष्ठांचा रक्तदाब बसवून एकदाच मोजणे पुरेसे नाही. निजवून मोजावा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. विदर्भाच्या वैशाखात हा प्रकार अधिक दिसतो. उन्हाने अंगातील पाणी आटते, वर लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालूच असते. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे आणि झोपेच्या गोळ्या यात भर घालतात. पाणी कमी पिण्याची आजोबांची सवय तर जगजाहीर आहे. रात्री उठावे लागू नये म्हणून ते सायंकाळनंतर तांब्याला हातच लावीत नाहीत.

तिसरा प्रकार तोल जाण्याचा. हा हळूहळू येतो म्हणून दुर्लक्षिला जातो. पायांच्या नसा, डोळे, कान आणि स्नायू मिळून माणसास उभे ठेवतात. मधुमेहाने नसा बधिर होतात आणि तळव्याला जमीन कळेनाशी होते. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाचा तुटवडा हेच करतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास तो वाढू शकतो. मोतीबिंदू आहेच. त्यातच यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे. ते वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कणा आणि सांधे ताठर होतात. गुडघा वाकत नाही, मान वळत नाही, अशा माणसाने तोल सावरावा कसा?

एक साधी परीक्षा घरी करता येते. भिंतीजवळ, कोणी शेजारी उभे असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. पन्नाशी ते पंचाहत्तरीच्या १७०२ लोकांचा ब्राझीलमधील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एका पायामुळे कोणी मरत नाही. शरीर किती झिजले याची ती खूण आहे.

येथेच पुन्हा त्या खाटेकडे यावे लागते. पडण्याच्या भीतीने चालणे सुटते, चालणे सुटल्याने मांड्या दुबळ्या होतात, आणि दुबळ्या मांड्यांचा माणूस अधिक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा. तोल आणि पायांचे बळ वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाने घटते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, टाचा उचलणे, एकापुढे एक पाऊल ठेवून चालणे यांस खर्च काहीच नाही. पंगतीत मांडी घालून बसण्याची आणि उठण्याची जुनी सवयही व्यायामच होती. भोजनाच्या टेबलाने ती घालवली.

एक अपवाद मात्र घड्याळाशी बांधलेला आहे. चक्कर अकस्मात आली आणि तिच्यासोबत बोबडी वळली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा आधार देऊनही उभे राहता येईना, तर तो मेंदूचा झटका समजावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. मुकुटबनहून निघायचे तर त्यातील बराच वेळ रस्ताच खाईल. म्हणून 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

उरलेल्या साऱ्या चक्करांसाठी डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्याव्यात. एक, घरातील सर्व औषधांची पिशवी, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट. दुसरी, कागदावर लिहिलेली हकिकत: भोवळ की अंधारी की तोल, कूस बदलताना की उभे राहताना, किती क्षण, कोणत्या गोळीनंतर. ती सुनेने किंवा नातवाने लिहावी, पण आजोबांना विचारून, त्यांच्याच शब्दांत.